सोंग, ढोंग आणि ‘हिपॉक्रसी’

सुशिक्षित मराठी घरांत ‘हिपॉक्रसी’ हा इंग्रजी शब्द आज फार सहजपणे उच्चारला जातो. पहाटे उठण्याचा उपदेश करणारे वडील एखाद्या रविवारी उशिरा उठले, की मुलगा त्यांना ‘हिपॉक्रिट’ ठरवून मोकळा होतो. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याच्या हाती परदेशी वस्तू दिसली, की शेजारी तोच शिक्का मारतो. वाद तिथेच संपतो. विचार मात्र सुरूच होत नाही. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ तपासणे अगत्याचे आहे.

शब्दाचे मूळ ग्रीक रंगभूमीवर आहे. ‘हिपोक्रिटेस’ म्हणजे मुखवटा धारण करून भूमिका वठवणारा नट. अथेन्सच्या नाट्योत्सवात उत्तम नटास पारितोषिक मिळत असे. पुढे बायबलच्या नव्या करारात, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना हा शब्द लावला गेला. लॅटिन व फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला, तो निंदेचा अर्थ घेऊनच. नट मागे पडला, लबाड तेवढा उरला.

मराठीने मात्र या दोघांसाठी दोन शब्द जपले. बहुरूपी दारात येतो, भारुडात सोंगे येतात. घेणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास, दोघांसही ते सोंग ठाऊक असते. ढोंगात पाहणाऱ्याची फसवणूक हाच हेतू असतो. झोपेचे सोंग घेणारा ही सीमा ओलांडतो, म्हणूनच त्याला जागे करता येत नाही.

ढोंगाची चीड या भूमीस नवी नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना दंभापासूनच सुरू होते. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘कलाविलासा’चा पहिला सर्ग दंभालाच वाहिला. महाबलीपुरमच्या पल्लवकालीन शिल्पात तपस्व्याप्रमाणे हात उंचावून उभे असलेले मांजर आणि त्याच्या पायाशी जमलेले उंदीर आजही पाहता येतात.

परंतु त्या मांजराचा दोष कोणता? व्रत मोडले हा नव्हे. व्रत पाळण्याचा त्याचा विचारच नव्हता, हा. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन याने १७५० मध्ये नेमका हाच भेद दाखवला होता. जो सद्गुणाची महती मनापासून मानतो, पण आचरणात उणा पडतो, त्याला दांभिक म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची लढाई अजून जिंकायची आहे, इतकेच.

हा भेद पुसला गेला, की मोठी हानी होते. ज्याच्यापुढे आदर्शच नाही, त्याच्यावर दांभिकतेचा आरोप कधीच येत नाही. तो निर्धास्त असतो. घाव बसतो तो ध्येय उराशी धरून धडपडणाऱ्यावर. मग आरोपाच्या भीतीने माणसे आचरण उंचावण्याऐवजी आदर्शच खाली आणतात.

अर्थात, ही ढाल ढोंग्याच्या हाती देण्याचे कारण नाही. पारख सोपी आहे. चूक दाखवली असता प्रामाणिक माणूस ओशाळतो आणि सुधारू पाहतो. ढोंगी मुखवटा अधिक घट्ट बांधतो. उशिरा उठलेल्या वडिलांनी ‘चुकलो’ म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठावे. मुलाच्या शब्दाला याहून चोख उत्तर नाही.