लाकूड विदर्भाचे, वाद्य कुणाचे?

मार्च २०२३मध्ये बल्लारपुरातून सागवान अयोध्येला निघाले, तेव्हा गावाने त्याची शोभायात्रा काढली. राममंदिराच्या दारांसाठी ते जात होते. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरचे सागवान आहे, हे इथे अभिमानाने सांगितले जाते. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरात आहे, १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचेही नागपुरातच. आलापल्ली-बल्लारशाच्या लाकडाचे नाव व्यापाऱ्यांच्या तोंडी देशभर आहे. आणि याच शहरात एखाद्या मुलाला गिटार हवी झाली, तर तो सीताबर्डीच्या दुकानातून कोलकात्याच्या किंवा चीनच्या कारखान्यात तयार झालेली गिटार घरी आणतो.

स्वस्त गिटार मिळते यात वाईट काही नाही. त्यामुळेच तर मध्यमवर्गीय घरांत ती पोचली. प्रश्न त्यापुढचा आहे. लाकूड इथे, ते वाढवणारे आणि विकणारे खाते इथे, वाजवणारी पोरे इथे. फक्त घडवणारे हात तयार करण्याची सोय इथे नाही. ती नागपुरात उभी राहायला हवी आणि तिची सुरुवात कारखान्याने न करता दुरुस्तीच्या कार्यशाळेने करायला हवी.

असे हात जन्मजात असावे लागतात, हा समज मिरजेने केव्हाच खोटा ठरवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार तिथे तंतुवाद्ये बनवू लागले. शिकलगारांचा पिढीजात धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. संस्थानांच्या लढाया संपल्या तसे ते काम आटले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्तीला येत. दुरुस्ती करता करता घडण उमगली. पंढरपूर भागातला कडू भोपळा, चांगले मुरलेले लाकूड आणि पोलादाची सवय असलेले हात, एवढ्यातून मिरजेचा तानपुरा उभा राहिला. पुढे सतारमेकर हे आडनावच झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकनाने नाव मिळते, शिकाऊ मुलगा मिळत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे, हार गुंफणारा माळी आहे, शस्त्र घडवणाराही आहे. वाद्य घडवणारा नाही! म्हणजे तलवारीला पाणी देणारे फरीदसाहेब या यादीत बसले असते आणि त्यांनीच घडवलेल्या तानपुऱ्याने त्यांना यादीबाहेर काढले असते. वाद्यकाराने सुतार म्हणून नाव नोंदवावे, असे कुणी सुचवेल. पण सुताराला मिळणारे प्रशिक्षण दारे-खिडक्या आणि पलंग-कपाटांचे असते, त्यात वाद्याचा अभ्यास नसतो.

या दोन कामांतला फरक मोठा आहे. कपाटाचे लाकूड हलू नये म्हणून सुतार झटतो, तर वाद्यकाराला ते थरथरायला हवे असते. पोलादी तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण येतो. हा ताण जिच्यावर पडतो ती वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. जाड ठेवली तर आवाज कोंडतो, पातळ केली तर काही वर्षांत फुगते. म्हणून आतून बारीक पट्ट्या सरसाने चिकटवतात आणि त्या कशा मांडायच्या यातच कारागिराची अर्धी विद्या असते. मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात. तिच्या एका प्रकारात तर वरची फळी जाड लाकडातून कोरूनच काढतात. मध्ये जाड, कडेला पातळ. थोडे तासायचे, बोटाने टकटक करून ऐकायचे, पुन्हा तासायचे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर बसतो, बाकीचे ठरलेल्या गणिताने. एखादा पडदा मिलिमीटरभर सरकला तरी वादकाचा कान लगेच तक्रार करतो.

मग विदर्भाच्या लाकडाचा इथे उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. सागवान तेलकट आणि वजनदार. गिटारीच्या वरच्या फळीला हलके, सरळ रेषांचे स्प्रूस किंवा सिडार लागते आणि ते आपल्या जंगलात नाही. ती फळी बाहेरूनच आणावी लागेल. उरलेल्या वाद्याची गोष्ट मात्र वेगळी. आधुनिक स्पॅनिश गिटारचा पाया घालणाऱ्या अंतोनिओ दे तोर्रेस यांनी १८६२ साली मागची बाजू आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बांधली. आवाजाचे मर्म वरच्या फळीत आहे, हे त्यांना दाखवायचे होते. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये याच प्रश्नाची नव्याने परीक्षा घेतली. एकाच कारागिराकडून सहा गिटार बनवून घेतल्या, फरक फक्त मागच्या आणि कडेच्या लाकडाचा. मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून ५२ गिटारवादकांनी त्या वाजवल्या. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांच्या आवाजाला त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले.

याचा अर्थ लाकूड कुठलेही चालेल असा नव्हे. ते मुरलेले, योग्य दिशेने कापलेले, आकार न बदलणारे हवेच. पण दुर्मीळ असायची गरज नाही. आणि विदर्भाकडे तर नावाजलेलेही लाकूड आहे. ब्राझीलने आपल्या रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवणे थांबवल्यावर अमेरिकेची मार्टिन कंपनी १९६९मध्ये भारतीय रोझवुडकडे वळली. ते म्हणजे आपले शिसम. मार्टिनला गेलेले शिसम मुख्यतः दक्षिणेचे, पण ते झाड विदर्भाच्या जंगलातही आहे. तेंदू आपल्याला विडीच्या पानापुरता ठाऊक. त्याच झाडाच्या गाभ्यातले काळे, कठीण लाकूड एबनी म्हणून ओळखले जाते आणि बोटे जिच्यावर फिरतात ती पट्टी एबनीचीच पसंत केली जाते. शिवणीचे लाकूड हलके आणि वाकडे न होणारे, म्हणून वाद्यांना जुन्या काळापासून वापरात आहे.

शिसमाच्या निर्यातीवर बंधने आहेत आणि ती असायला हवीत. लुप्त होणाऱ्या प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने २०१७पासून शिसमाच्या सगळ्या कुळावर नियंत्रण आणले. २०१९मध्ये मात्र तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे धोरण कच्चा माल बाहेर जाण्याच्या विरोधात आणि घडवलेल्या वस्तूच्या बाजूने आहे. जंगल राखून रोजगार हवा असेल तर हाच हिशेब सोयीचा. मोजक्या घनफुटांत बरीच वाद्ये होतात आणि त्यांची किंमत बहुतांशी मजुरीची, म्हणजे कौशल्याची असते.

कार्यशाळा नागपुरातच हवी याचे दुसरे कारण म्हणजे इथली हवा. नवतपात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरते. श्रावणात तीच ८० टक्क्यांवर चढते. लाकूड आडवे आकसते आणि फुगते, लांबीत फारसे बदलत नाही. आतल्या पट्ट्या फळीला आडव्या चिकटवलेल्या असल्याने फळीला आकसायला जागाच उरत नाही आणि ती उभी चिरते. त्यात कूलरची ओली हवा एका खोलीत आणि बाहेरचा कोरडा उन्हाळा दुसऱ्या खोलीत. सुमारे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बांधलेल्या वाद्याला हा मार सोसवत नाही. पट्टी वाकते, घोडी उचकटते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे असते. जवळ कारागीर नसेल तर वाद्य पुण्या-मुंबईला पाठवायचे, नाहीतर माळ्यावर टाकायचे. ज्याने इथल्या दोन उन्हाळ्यांत पन्नास चिरलेल्या फळ्या सांधल्या, तो इथली हवा सोसणारे वाद्य कसे बांधायचे हेही जाणून असेल. मिरजेतही विद्या दुरुस्तीतूनच आली.

तंतुवाद्य ही विदर्भाला बाहेरून शिकायची गोष्ट आहे, असेही कुणी समजू नये. नागपूर वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने, १७०२च्या सुमारास. त्या गोंडांचे भाट म्हणजे परधान. त्यांची किंगरी लाकडातून कोरलेली, कातड्याने मढवलेली, गजाने वाजवायची. तिच्या साथीने ते गोंड कुळांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गात आले. वादकच अनेकदा तिचा कारागीरही असे. आज ती संग्रहालयांत आणि मोजक्या घरांत उरली आहे. नवी कार्यशाळा निघालीच, तर पहिले मानधन किंगरी बांधणाऱ्या जुन्या जाणकारांना द्यावे. त्यांच्या शेजारी गिटार शिकणारा मुलगा बसला तर दोघांचेही काही बिघडणार नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर इटलीतल्या क्रेमोनाकडे पाहावे. स्ट्रॅडिव्हारीच्या या गावात व्हायोलिनची विद्या पार क्षीण झाली होती. १९३८मध्ये तिथे वाद्यनिर्मितीची शाळा निघाली आणि गावाचा धंदा पुन्हा उभा राहिला. २०१२मध्ये युनेस्कोने त्या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

नागपूरला लागणारे तुकडे विखुरलेले आहेत, पण आहेत. लाकूडकामाचे वर्ग आयटीआयमध्ये भरतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यालय १९८६पासून नागपुरात आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वीस मुले, मिरजेहून आलटूनपालटून येणारे दोन उस्ताद आणि आर्द्रता कायम राखणारी एक खोली, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. वनविकास महामंडळाने एकच जास्तीची गोष्ट करावी. लाकडाचा लिलाव मोठ्या लॉटने होतो, तो व्यापाऱ्याला परवडतो. वाद्यकाराला हवे असतात योग्य दिशेने कापलेले, वर्षानुवर्षे सावलीत मुरवलेले चार-दोन तुकडे. असे तुकडे वेगळे काढून, शिक्का मारून, ठरलेल्या दराने कारागिरांना विकावेत. आगारात एक रॅक पुरेल.

विश्वकर्मा योजनेची यादी दिल्लीत बदलेल, त्यासाठी विदर्भाच्या खासदारांनी बोलावे. बाकीचे राज्याच्या हातात आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, वनमंत्री तेव्हा इथेच असतात आणि वनखात्याचे मुख्यालय विधानभवनापासून फार लांब नाही. यंदाच्या अधिवेशनात विदर्भातल्या एखाद्या आमदाराने एवढे तरी लेखी विचारावे: महामंडळ कारागिरांना किरकोळ दराने मुरलेले लाकूड केव्हापासून देणार, आणि वाद्यनिर्मितीचा पहिला वर्ग कोणत्या आयटीआयमध्ये भरणार?