उष्णतेचा हिशेब विजेच्या वहीत

बडोद्याहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव एका प्रयोगशाळेत उष्णतामापनाचे संशोधन करतात. ‘सुट्टीत घरी आला, तरी संगणकाच्या पडद्यावर विजेची मंडलेच जोडीत बसतो. विषय उष्णतेचा आणि अभ्यास विजेचा, हा काय प्रकार? मुलगा वाट तर चुकला नाही ना?’ असे त्या विचारतात. शंका आम्हांस रास्त वाटली. म्हणून या महिन्याचे पान तिच्याच कारणी लावीत आहोत.

चिरंजीव वाट चुकलेले नाहीत, हे प्रथमच सांगून टाकतो. वीज वाहावयास विभवांतर लागते, उष्णता वाहावयास तापमानातील अंतर लागते. तारेतील रोध विजेला अडवितो, तसे हॉटकेसचे अस्तर उष्णतेला अडविते. पंख्यातील कंडेन्सर वीजभार साठवितो, बंबातील पाणी उष्णता साठविते. ही केवळ उपमा असती, तर आम्ही ती कवींच्या स्वाधीन केली असती. परंतु दोहोंची समीकरणे एकच आहेत, केवळ अक्षरे बदलतात.

यातील गंमत अशी, की हे देणे मूळचे उष्णतेचे आहे. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णतावहनाचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच धर्तीवर जर्मनीच्या ओहम यांनी १८२७ मध्ये विजेचा सिद्धांत मांडला. शेजारच्या घरातून वाटीभर साखर उसनी आणावी, तसे हे झाले. वाटी परत गेली ती शंभर वर्षांनी. डच अभियंते ब्यूकेन यांनी १९३६ मध्ये विजेच्या भट्ट्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेचा अभ्यास रोध आणि कंडेन्सर यांच्या जोडणीवर केला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाश्किस यांनी याच कामासाठी मोठे यंत्र उभारले. १९७३ मध्ये बर्कली येथे ‘स्पाइस’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली आणि खऱ्या तारा जोडण्याचीही गरज उरली नाही. चिरंजीवांच्या पडद्यावर बहुधा तिचीच एखादी वंशज असावी.

एक लहानसे उदाहरण घेऊ. एका बंद डब्यात लिटरभर पाणी आहे आणि आत १० वॅटचा तापक आहे. डब्याच्या अस्तराचा उष्णतारोध दर वॅटला २ अंश धरू. म्हणजे पाणी शेवटी बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांनी तापेल. पण केव्हा? लिटरभर पाणी एक अंश तापविण्यास सुमारे ४,१८६ जूल लागतात. त्यांस २ ने गुणले, की ८,३७२ सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ दोन तास वीस मिनिटे. एवढ्या वेळात पाणी आपल्या मजलीचा ६३ टक्केच पल्ला गाठते. पुरते स्थिरावण्यास बारा तास हवेत. प्रयोगशाळेत ज्याला अख्खा दिवस जातो, ते पडद्यावर क्षणात दिसते.

पण वेळ वाचणे हा लहान लाभ झाला. मोठा लाभ कोणता, हे समजण्यासाठी १९८९ सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षीच्या २३ मार्चला अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जड पाण्यातील पॅलेडियमच्या सळईतून वीज सोडली असता दिलेल्या ऊर्जेहून अधिक उष्णता निघते, आणि ती अणुसंमीलनाची असावी. सूर्याच्या पोटातील क्रिया टेबलावरच्या काचपात्रात! जगभर खळबळ उडाली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या वर्षी प्रयोग झाले. सारा दावा मुख्यतः उष्णतामापनावर तोललेला होता, आणि टीकाकारांनी नेमके तेथेच बोट ठेवले: पात्रातील द्रव पुरेसा ढवळला जातो का, तापमान सर्वत्र सारखे आहे का?

हा आक्षेप एवढा गंभीर का, ते मंडल काढले की कळते. हे आकडे आमचे आहेत, त्या प्रयोगाचे नव्हेत. सळई आणि पाणी यांच्यामध्ये अर्ध्या अंशाचा रोध आणि पाणी व बाहेर यांच्यामध्ये २ अंशांचा, अशी साखळी कल्पा. तापमापक सळईला चिकटून आहे. पहिल्या दिवशी पाण्यात तापक ठेवून १० वॅट दिले. तापमापक २० अंशांची वाढ दाखवितो. संशोधक वहीत लिहितो: दर वॅटला दोन अंश. दुसऱ्या दिवशी तेवढेच १० वॅट सळईतच निर्माण होतात. आता उष्णतेला दोन्ही रोध ओलांडावे लागतात. तापमापक २५ अंश दाखवितो. संशोधक २ ने भागतो आणि साडेबारा वॅट निघाले म्हणून हर्षभरित होतो. अडीच वॅट शून्यातून आले! वास्तविक उष्णतेचे फक्त जन्मस्थान बदलले होते.

युटातील मंडळींची नेमकी हीच चूक झाली, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नेमलेल्या समितीस १९८९ च्या नोव्हेंबरपर्यंत खात्रीलायक पुरावा आढळला नाही. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीसही तो मिळाला नाही. तरी आजही काही संशोधक या वाटेवर आहेत, आणि त्यांतले सावध लोक प्रयोगापूर्वी असे मंडल मांडतात.

अर्थात मंडलही फसविते. किरणोत्सर्जनाने जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, तिथे रोध स्थिर राहत नाही. पाण्यातील बुडबुडे ढवळण्याची गती बदलतात, की दुसरा रोधही बदलला. चिरंजीव तासन्‌तास पडद्यासमोर बसतात, ते बहुधा याच कारणाने.

वाचकभगिनींनी पुढच्या सुट्टीत त्यांना चहा देताना एवढेच विचारावे: अरे, तुझा तापमापक नेमका कुठे बसविला आहेस?