खेळाडू विद्यार्थ्याचे पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात बटाट्याची लागवड आटोपल्यावर पेठेच्या पठारावरील एक शेतकरी गृहस्थ आम्हांस भेटावयास शाळेत आले. त्यांचा मुलगा दहाव्या इयत्तेत असून कबड्डीच्या चढाईत त्याचा हात धरणारा आज तरी आमच्या शाळेत दुसरा नाही. गृहस्थ बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून स्वस्थ बसले व अखेर म्हणाले, "गुरुजी, पोरगं खेळतंय ते दिसतंय आम्हांला. पण खेळून पुढं खाईल काय?" आम्ही व्यायामाच्या महत्त्वाविषयी चार ठरीव वाक्ये बोलून त्यांची बोळवण केली. ही गोष्ट तेव्हापासून मनास लागून राहिली आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या पठारावरचा नव्हे. अमेरिकेतील कॉलेजांत जो फुटबॉल खेळतात, त्यात चेंडू पायाने मारण्यापेक्षा हातात धरून पळण्यासच अधिक महत्त्व आहे. चेंडू काखेत घेऊन समोरच्या फळीतून वाट काढणारा गडी हा आपल्या चढाई करणाऱ्याचाच भाऊ म्हणावयाचा. अकरा जण त्यास पाडावयास टपलेले असतात. शिकागो विश्वविद्यालयाचा जे बरवँगर हा असाच एक गडी. १९३५ साली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्यास जे पारितोषिक मिळाले, तेच पुढे हाइस्मन पारितोषिक म्हणून प्रसिद्धीस आले. १९३६ साली धंदेवाईक संघांनी कॉलेजांतून गडी निवडण्याची पद्धत सुरू केली, तीतही पहिले नाव त्याचेच निघाले. परंतु वेतनाचे जमेना, आणि तो धंदेवाईक सामना एकही खेळला नाही. रबराच्या कंपनीत नोकरी धरली, पुढे स्वतःचा कारखाना काढला. ते मानाचे पारितोषिक कित्येक वर्षे एका नातलग बाईच्या घरी दाराला टेकण म्हणून ठेवलेले होते म्हणतात! खेळ संपला तेव्हा त्याच्या हाती विद्या होती, म्हणून ह्या गोष्टीवर आपणांस हसता येते.

आता आपल्याकडे पाहू. कऱ्हाडाजवळील गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. अंगाने लहानसर. कॉलेजच्या स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांस किरकोळ म्हणून घेण्याचे नाकारले, तेव्हा ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले व खर्डेकरांनी त्यांस उतरू दिले, अशी हकीकत सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात ते सहावे आले. आयुष्य तांबड्या मातीत गेलेल्या मल्लास गादीवरची कुस्ती नवखी होती, हे ध्यानी घेता तेही थोडे नव्हे.

१९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर पैसा हवा. गावाने वर्गणी केली, दुकानदारांनी दिले, तरी पुरे होईना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. वाचकहो, आम्हीही शिक्षक आहोत. विद्यार्थ्याच्या पराक्रमावर टाळ्या वाजवणे आम्हांस सोपे जाते. पण त्याच्या पराक्रमासाठी आपल्या बायकामुलांच्या डोक्यावरचे छप्पर पणास लावणे आमच्याने झाले असते काय, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही.

खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. कऱ्हाडास दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते : ह्या मल्लाने पुन्हा लांग चढवून कुस्त्या केल्या, आणि त्या पैशांतून गुरूचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले व सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा.

आता आमचे स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या शाळेत आम्ही वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. यात्रा आली की त्याची कुस्ती ठरलेली. त्याने शाळेस दोन ढाली मिळवून दिल्या व त्या कार्यालयातील कपाटात मांडल्या गेल्या. पुढे हजेरी कमी पडली म्हणून त्याचा परीक्षेचा अर्ज अडला. नियमावर बोट ठेवणारे आम्हीच. तो पुन्हा शाळेत आला नाही. आज बाजारात हमाली करतो. भेटला की पाठीवरचे पोते खाली ठेवून प्रथम तोच नमस्कार करतो.

आता क्रीडागुणांची सवलत आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे हे रेल्वेच्या नोकरीत होते. परंतु अशा जागा मोजक्या, आणि यात्रेच्या आखाड्यात उतरणारी मुले शेकड्यांनी. ज्या मुलाचा गुडघा विसाव्या वर्षी जायबंदी होईल, त्यास ही सवलत काय कामाची? म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, शाळेने मुलास मैदानावर धाडले तर त्याचा बुडालेला अभ्यास भरून देणे हे शाळेचेच कर्ज होय. त्याची हजेरी शाळेने भरावी, आणि हातपाय मोडल्यास औषधपाण्याचा खर्चही शाळेनेच सोसावा. हे जमत नसेल तर ढाली कपाटात मांडू नयेत. आमच्या काही सहकाऱ्यांस हे बोलणे रुचणार नाही, ह्याची आम्हांस कल्पना आहे.

त्या शेतकरी गृहस्थांचा मुलगा ह्या महिन्यात जिल्ह्याच्या सामन्यांस जात आहे. त्याचे बीजगणिताचे आठ तास बुडतील. ते परत आल्यावर संध्याकाळी आमच्या घरी घ्यावयाचे ठरले असून, तसे त्याच्या वडिलांस आम्ही परवा पेठेस जाऊन समक्ष सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतले, आणि निघताना आमच्या पिशवीत पायलीभर बटाटे घातले.