सदतिसावी चाल आणि ‘प्रतिभा’

मार्च २०१६मध्ये सोल येथे ली सेडोल यांच्याविरुद्धच्या दुसऱ्या डावात ‘अल्फागो’ने पाचव्या रेषेवर केलेली सदतिसावी चाल ‘प्रतिभेचा आविष्कार’ म्हणून गौरविली जाते. त्या चालीचे सौंदर्य आम्हांस मान्य आहे. आक्षेप आहे तो या शब्दाच्या घाईला.

‘गो’च्या पटावर ३६१ छेदबिंदू असतात, आणि बुद्धिबळाप्रमाणे सोंगट्यांचे मोल मोजून येथे स्थितीचा निवाडा करता येत नाही. २००६ साली रेमी कुलोम यांच्या ‘क्रेझी स्टोन’ने निराळी वाट धरली. आहे त्या स्थितीपासून पुढे कसेही, जवळजवळ फासे टाकल्याप्रमाणे, असंख्य डाव शेवटापर्यंत खेळून पाहायचे आणि ज्या फांदीवर विजय अधिक, तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळायचे. काही न उमगता न्याय करण्याची ही रीत चांगलीच फळली! ‘अल्फागो’ने तिला दोन न्यूरल नेटवर्कची जोड दिली : एक चाली सुचवते, दुसरे जिंकण्याची शक्यता वर्तवते. राजशेखराची कारयित्री आणि भावयित्री प्रतिभा येथे आठवणे स्वाभाविक आहे. पण राजशेखराचा भावक काव्याचा आस्वाद घेतो. हे दुसरे नेटवर्क केवळ कोण जिंकेल एवढेच सांगते. अर्ध्या गुणाने की वीस गुणांनी, याचेही त्याला सोयरसुतक नाही.

शिवाय ती चाल सुचवणाऱ्याची नव्हेच. माणसांच्या डावांवर पोसलेल्या त्या नेटवर्कने, माणूस ही चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच धरली होती. शोध मात्र त्या फांदीकडे वारंवार परतत राहिला, आणि जिच्याकडे सर्वाधिक वेळा परतणे झाले तीच चाल खेळली गेली. म्हणजे ज्याला आपण स्फुरण म्हणतो, तेथे कमावलेली अभिरुची पुनःपुन्हा केलेल्या पडताळणीने मोडीत काढली होती. कवीच्या खाडाखोडीशी याचे नाते अधिक जवळचे, असे आमचे मत आहे. विजेच्या लखलखाटाशी नव्हे.

चौथ्या डावात ली यांनी अठ्ठ्याहत्तरावी चाल केली. तिची शक्यताही यंत्राच्या लेखी दहा हजारांत एकच होती. या वेळी शोध तिच्यापर्यंत पोहोचला नाही, ‘अल्फागो’ गोंधळले आणि डाव हरले. पुढे विश्लेषकांनी दाखवून दिले की, अचूक उत्तर मिळते तर ती चाल टिकली नसती.