एकशे अठ्ठाविसावा मुलगा

परवा शनिवारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. पोळ्या संपत आल्या होत्या, श्रीखंडाचं भांडं फिरत होतं, आणि विषय निघाला टेनिसचा. त्यांचा मुलगा चौदा वर्षांखालच्या गटात छान खेळतो, राष्ट्रीय स्पर्धांत त्याला सहज प्रवेश मिळतो. मित्र म्हणाला, "अरे, ड्रॉ लहानच हवेत. नॅशनल म्हणजे नॅशनल. कुणीही उठून यायला लागलं तर दर्जा काय राहिला?"

मी चमचा खाली ठेवला. बायकोने टेबलाखालून पाय मारला म्हणून तिथे गप्प बसलो. इथे ती पाय मारू शकत नाही, तेव्हा बोलून घेतो.

पुण्याच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. (इथल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) अमेरिकेत टेनिसचा कारभार यूएसटीए बघते. तिचे १७ विभाग आहेत, त्यांना सेक्शन म्हणतात. आम्ही मध्य न्यूजर्सीवाले ईस्टर्न सेक्शनमध्ये. फ्लोरिडा, टेक्सास, दक्षिण कॅलिफोर्निया यांचे आपापले वेगळे. मुलं आधी सेक्शनमध्ये खेळतात आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धांत जातात. मुलांची सगळ्यात मानाची स्पर्धा १९४३ पासून मिशिगनमधल्या कॅलमझूला भरते. अठरा वर्षांखालचा गट जिंकणाऱ्याला यूएस ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये वाइल्ड कार्ड द्यायची प्रथा आहे.

२०१२ साली यूएसटीएने ठरवलं की २०१४ पासून राष्ट्रीय स्पर्धा कमी करायच्या, काही ड्रॉ लहान करायचे, मुलांनी आपापल्या सेक्शनमधून कमावून वर यायचं. कारणं ऐकायला गोड होती. शाळा बुडते, विमानाचा खर्च परवडत नाही, पोरं पॉइंट गोळा करत देशभर हिंडतात. आई-बाप आणि कोच खवळले. सह्या गोळा झाल्या, संस्थेच्या लोकांनी ठिकठिकाणी बैठका घेऊन ऐकून घेतलं, आराखडा थोडा मऊ केला. दिशा तीच राहिली. २०२१ मध्ये सगळ्या सेक्शनना मिळून सात पातळ्यांची एकच रचना आली, तरी वर किती जणांना घ्यायचं हा वाद जेवणाच्या टेबलावर अजून चालूच आहे.

आता कबुली. २०१२ मध्ये मी मित्राच्याच बाजूला होतो. आमचे चिरंजीव तेव्हा तेरा वर्षांचे, सेक्शनमध्ये पहिल्या काहींत. मीही क्लबच्या बाकावर बसून 'दर्जा, दर्जा' करायचो. मग दोन वर्षांत बाकीच्या पोरांना मिशा फुटल्या, उंची आली, सर्व्हिस अंगावर यायला लागली, आणि आमचा होता तेवढाच राहिला. नंबर घसरला. तसं माझं तत्त्वज्ञानही घसरलं! पंधराव्या वर्षी तो वेटिंग लिस्टवर आला आणि मला अचानक मोठ्या ड्रॉचं महत्त्व पटलं.

हसू नका, आम्ही सगळेच असे. ज्याचं पोर यादीत चाळिसावं, तो म्हणतो जागा कमी करा. ज्याचं एकशे तिसावं, तो म्हणतो वाढवा. दोघंही बोलतात मात्र अमेरिकन टेनिसच्या भवितव्याबद्दल. म्हणून आमच्या मतांना फार किंमत देऊ नका असंच मी सांगेन. त्यापेक्षा ती शेवटची जागा नक्की काय काम करते ते बघा.

एका राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या दोन दिवसांत काही मुलं गळाली आणि आमचा आत गेला. (रेल्वेचं वेटिंग कन्फर्म झाल्यावर प्लॅटफॉर्मवर होतो तसाच आनंद.) अकरा तास गाडी चालवून पोचलो. पहिल्या फेरीत पन्नास मिनिटांत हरला. ताईचा पुण्याहून फोन, "हरला ना, मग निघा की परत." पण अशा स्पर्धांत कॉन्सोलेशन असतं, पहिल्या फेरीत हरलेल्यांना मागच्या ड्रॉमध्ये खेळायला मिळतं. तिथे त्याने लागोपाठ तीन सामने काढले. समोर टेक्सासचा एक, जॉर्जियाचा एक, आणि तिसरा एक डावखुरा, ज्याचा चेंडू कुठे वळतोय हे पहिला सेट संपेपर्यंत आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. बाजूच्या कोर्टाशी कुंपणाला टेकून एका कॉलेजचे कोच उभे होते. दुसऱ्याच कुणाला तरी बघायला आले होते. तो डावखुरा! पण ई-मेल नंतर आमच्याकडेही आला.

घरी सेक्शनमध्ये काय होतं? तीच आठ पोरं. कोण ३०-४० ला डबल फॉल्ट करणार, कुणाचे बाबा कुंपणामागून खाकरणार, सगळं पाठ. 'सेक्शनमधून कमावून या' म्हणजे त्याच आठ जणांशी आणखी वीस वेळा खेळा. त्यातून पुढे येणारं पोर त्या आठांवरचा उपाय शिकतं, टेनिस शिकतंच असं नाही. आणि बळकट सेक्शनमध्ये उलटं दुखणं. तिथला पंधरावा मुलगा दुसरीकडे पहिला आला असता, पण कोटा भरला की तो घरीच.

खर्चाचं म्हणाल, तर राष्ट्रीय स्पर्धा कमी झाल्याने आमच्या ओळखीतल्या एकाही पैसेवाल्या घराचा खर्च कमी झाला नाही. त्यांची पोरं आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांना परदेशी जायला लागली. राहिली मधली घरं, ज्यांना वर्षात एक-दोनच लांबचे प्रवास जमतात. नेमक्या त्यांच्या जागा गेल्या.

आणि दर्जाचं म्हणाल, तर १२८ चा ड्रॉ पहिल्याच फेरीत ६४ होतो. १९२ चा केला, तर वरच्या मुलांना पहिली फेरी बाय देऊन फार तर एक दिवस जास्त लागेल. पहिल्या मानांकित मुलाचं त्यात काय बिघडतं? पंधराव्या वर्षीची क्रमवारी म्हणजे काही कुंडली नव्हे. जॉन इस्नर चार वर्षं जॉर्जिया विद्यापीठात खेळून २००७ मध्ये व्यावसायिक झाला आणि पुढे जगात आठवा. सगळे इस्नर होत नाहीत, ठाऊक आहे. पण त्या वर्षांत डिव्हिजन वनच्या मुलांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या साडेचारच देता यायच्या, त्यातल्या कितीतरी परदेशी खेळाडूंना जायच्या. उरलेल्यासाठी निदान कोचच्या नजरेस पडायची सोय तरी ठेवाल की नाही?

शाळा बुडते हे मात्र खरं. आमच्या घरी त्यावरून खडाजंगी व्हायची आणि बायकोचंच बरोबर असायचं. त्यावर उपाय सुट्ट्यांत स्पर्धा घेणं आणि वर्षात मोजायच्या स्पर्धांवर मर्यादा घालणं. हिंडणं थांबवायचं तर हिंडण्यावर बंधन घाला, पोरांच्या जागा का कापता?

असो. काल हे सगळं चिरंजीवांना फोनवर ऐकवलं. आता नोकरी करतो, रविवारी हौसेने खेळतो. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तो डावखुरा आठवतोय? अजून मेसेज करतो मला." मग विचारलं, श्रीखंड घरचं होतं का विकतचं.

विकतचं होतं.