अंदमानची सहल आणि घरातील ज्येष्ठ

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो. रक्तदाब मोजून झाल्यावर, दंडाचा पट्टा सोडता सोडता समोरच्या आजी हळूच विचारतात, "डॉक्टर, मुलांनी अंदमानची तिकिटे काढली आहेत. जाऊ का हो? आमच्यामुळे त्यांची पंचाईत व्हायला नको."

वाचकहो, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतेक वेळा 'अवश्य जा' असेच असते. मात्र त्यापुढे मी दोन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, तेथे जाऊन केवळ बॅगा आणि चपला राखत बसू नका. दुसरी, मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून आपला आजार कोणापासूनही लपवू नका. बेटावरच्या सहलीत ज्येष्ठांची गत बहुधा या दोन टोकांपैकी एकावर होते. एक तर सारे घर पाण्यात आणि आजी-आजोबा झाडाखालच्या बाकावर; नाही तर आजोबा उत्साहाच्या भरात 'मला कोणताही आजार नाही' अशा कागदावर सही करून मोकळे. या दोहोंच्या मधला मार्ग पुष्कळ रुंद आहे. त्याची आखणी मात्र घरूनच करावी लागते.

निघण्यापूर्वी

प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर संबंधित तज्ज्ञांच्या स्पष्ट संमतीविना तिकीट काढू नये. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे जी. बी. पंत हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. पण स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) येथे सोयी प्राथमिक स्वरूपाच्या आहेत. तेथून मोठे रुग्णालय गाठायचे, तर मध्ये समुद्र आहे. म्हणूनच छातीत दुखणे, चालताना लागणारी नवी धाप, वारंवार येणारी चक्कर यांचा उलगडा घरीच झालेला बरा.

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची अधिक घ्या, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. ती दोन भागांत विभागून दोन निरनिराळ्या हातबॅगांत ठेवा. इन्शुलिन विमानाच्या मालखान्यात जाणाऱ्या सामानात कधीही टाकू नये. तेथे ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. आजार, औषधांची नावे व मात्रा, ॲलर्जी आणि घरच्यांचे फोन क्रमांक एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवा. मोबाईलमध्ये सर्व आहे असे म्हणून भागत नाही. त्याची बॅटरी संपते आणि बेटांवर संपर्कही तुटतो.

तेथील सूर्य लवकर कलतो

अंदमान भारतात असल्याने घड्याळ आपलेच, परंतु सूर्य मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. तेथे सकाळी नऊला पडलेले ऊन आपल्याकडच्या सव्वादहाच्या उन्हासारखे असते, हे लक्षात ठेवा. 'न्याहारी करून निघू' असे ठरवणारे कुटुंब ऐन उन्हात किनाऱ्यावर पोहोचते, आणि त्याचा फटका सर्वांत आधी ज्येष्ठांना बसतो.

आपल्या वयात पहाटे जाग येतेच. येथे तिचा लाभ घ्या. सकाळी साडेपाच ते आठ ही ज्येष्ठांची वेळ. स्वराज द्वीपावरील राधानगरच्या पांढऱ्या वाळूवर, ओलसर आणि घट्ट भागातून, नातवंडांचा हात धरून चालावे. कोरडी वाळू पायाखाली सरकते आणि गुडघ्यांना शिणवते. पोहण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या भागाबाहेर मात्र कोणीही पाण्यात जाऊ नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. धोक्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर उभे राहताच चक्कर येते. ज्यांना हृदयाच्या दुर्बलतेमुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी प्रमाण आधीच विचारून घ्यावे. शहाळे उत्तमच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला दोन-तीन शहाळी रिचवू नयेत.

खरा धोका पायरीवर

समुद्राची भीती सर्वांनाच वाटते. बोटीच्या फळीची कोणाला वाटत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत अपघाताचे क्षण हे असे साधे असतात: हलत्या बोटीत पाऊल टाकणे, धक्क्यावरची शेवाळलेली पायरी, हॉटेलातील ओले न्हाणीघर. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर सहलच नव्हे, पुढचे सारे वर्ष बदलून जाते. बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे असावेत. पिशवी दुसऱ्याने धरावी. बोट वर येऊन स्थिरावेपर्यंत थांबावे, आणि एक माणूस आत व एक बाहेर उभा राहावा. मागच्या लोकांची घाई आपली मानू नये.

बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागात, शक्यतो खालच्या मजल्यावर बसून क्षितिजाकडे पाहावे. पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. उलटी थांबवण्याची गोळी प्रवासाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, परंतु ज्येष्ठांनी ती सहप्रवाशाकडून उसनी घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांना त्रास होतो आणि विस्मरणाच्या रुग्णांचा गोंधळ वाढतो. आणखी एक छोटी सूचना: मळमळू लागले की कवळी काढून डबीत ठेवा. उलटीबरोबर ती समुद्रात गेली, तर उरलेली सहल मऊ भातावर काढावी लागेल.

पाण्यात कोणी, किती

एलिफंट बीचवर पोहोचताच पाण्यातील खेळांची यादी समोर येते. तिच्याकडे 'वय झाले' किंवा 'होऊन जाऊ दे' अशा नजरेने न पाहता एकेका प्रकाराचा स्वतंत्र विचार करा.

काचेच्या तळाची बोट: जवळजवळ सर्वांसाठी. पोहता येण्याची गरज नाही, खाली प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. अडचण फक्त चढण्या-उतरण्याची, आणि मान फार वेळ वाकवण्याची.

स्नॉर्केलिंग: तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहणे. हे सोपे वाटते, पण गळ्यापर्यंत पाण्यात उतरले की पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात नळीतून श्वास घेण्याचे श्रम आणि मनातील धास्ती. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना हे टाळावे. ज्यांना संमती आहे त्यांनी लाइफ जॅकेट घालून, जोडीदारासह, उभे राहता येईल अशा पाण्यातच करावे. धाप लागली तर लगेच उताणे व्हावे आणि हात वर करावा.

सी-वॉक: डोक्यावर मोठे हेल्मेट घालून काही मीटर खोल तळावर चालणे. पोहणे येत नसले तरी चालते, हे खरे. परंतु कानांवर दाब येतोच. कानाची शस्त्रक्रिया, पडद्याला छिद्र, सर्दी, हृदयविकार, बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर वरूनच हात हलवावा.

स्कूबा: दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर येताना फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हृदयविकार, दमा, फिट्स यांचा इतिहास असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. अनेक ठिकाणी वयोमर्यादाही असते. तरुणांनीही एक नियम पाळावा: स्कूबानंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा. म्हणून हा कार्यक्रम परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

या खेळांपूर्वी आजारांची माहिती विचारणारा कागद भरून घेतात. तो कागद आपल्या जिवासाठी असतो. आजोबांच्या हातात पेन देण्यापूर्वी मुलाने किंवा सुनेने तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. 'अँजिओप्लास्टीला आता सात वर्षे झाली, ती कशाला लिहायची?' असे कोणी म्हटले, तर 'म्हणूनच लिहायची' हे उत्तर द्यावे.

मधुमेहींनी वाळूतही अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर प्रवाळाचा ओरखडा कळतही नाही. पाण्यात चालण्याचे बूट वापरा आणि रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या घरच्या कोणाकडून तपासून घ्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर लहान खरचटण्यातूनही रक्त अधिक वाहते. घट्ट दाबून धरा. साखर किंवा लिमलेटच्या गोळ्या खिशात हव्यातच.

किनाऱ्यावरचे आनंद

मराठी कुटुंबातील ज्येष्ठांसाठी अंदमान म्हणजे प्रथम सेल्युलर जेल. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ ही वर्षे येथे काढली. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ती पाहण्यासाठी सकाळची वेळ निवडा, प्रत्येक मजल्यावर थांबा, कठडा धरा. उतरताना दुखऱ्या पायाने आधी उतरा. नातवंडांना इतिहास सांगण्याचे काम मात्र मार्गदर्शकावर सोडू नका. ते आपलेच आहे.

शहीद द्वीपावरील किनाऱ्यांना लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर अशी रामायणातील नावे आहेत. ओहोटीच्या वेळी लक्ष्मणपूरला खडकांच्या खळग्यांत जिवंत संग्रहालयच उघडते: शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, समुद्रकाकड्या, छोटे मासे. खडक निसरडे असल्याने काठी आणि सोबत हवी. सर्वांत पुढच्या कमानीपर्यंत जाण्याचा हट्ट नको. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. नातवाने काही उचललेच, तर पाहून जागच्या जागी ठेवायला शिकवा.

बाराटांगच्या चुनखडी गुहांचा दिवस मात्र विचारपूर्वक ठरवा. पहाटे फार लवकर निघावे लागते. जारवा समाजाच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने जातात, आणि वाटेत गाडी थांबवण्यास मनाई आहे. पुढे बोट, आणि मग गुहेपर्यंत पायपीट. वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांसाठी किंवा गुडघे झिजलेल्यांसाठी हा दिवस जिकिरीचा ठरतो. त्या दिवशी त्यांनी जवळचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे पूर्वीचे रॉस बेट, पाहावे. वडांच्या मुळांनी कवेत घेतलेले इंग्रजी इमारतींचे अवशेष आणि निर्धास्त फिरणारी हरणे तेथे आहेत. सोबतीला एक नातवंड राहिले, तर कोणीच मागे राहिले असे वाटणार नाही.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

सहल सांभाळणाऱ्यांचीही असते. सर्व काळजी एका सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका. दिवसाचे वाटे करा. सकाळी मुलगा सोबत, तर दुपारी जावई. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला नव्या खोलीत रात्री दिशाभूल होते. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा, घरची परिचित चादर न्या आणि हॉटेलचे नाव-क्रमांक लिहिलेले कार्ड त्यांच्या खिशात असू द्या. दिवसातून दोनच कार्यक्रम ठेवा आणि मध्ये दुपारची झोप.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्यासाठी एकच काम. निघण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून सांगा: मला काय पाहायचे आहे, मला काय झेपत नाही आणि थकल्यावर मी ते कसे सांगेन. ही पंधरा मिनिटांची बैठक कोणत्याही गोळीइतकीच उपयोगाची आहे. बॅगा राखायला हॉटेलात खोली असते. आपण पाण्यात पाय बुडवून या.