विज्ञान घरोघरी : खर्जाच्या दोन वाटा

पुण्यात शिकणारे चिरंजीव दिवाळीला बेस गिटार पाठीवर टाकून भोर तालुक्यातल्या उत्रोलीस घरी आले, आणि “आजोबांचे भजन रेकॉर्ड करू या” म्हणाले, तर वडीलधाऱ्यांनी दचकू नये. हे वाद्य आता परके राहिलेले नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आपली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली; आणि आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्या बोटांनी तिचा खर्ज घराघरांतल्या रेडिओपर्यंत पोचवला.

प्रश्न एवढाच, की हा खर्ज टिपायचा कसा? बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्याला इतका खालचा स्वर काढता येत नाही. तरी तो आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो. कारण त्याच तारेतून ८२, १२३ असे वरचे उपस्वरही निघतात, आणि त्यांवरून मूळ स्वराचा अंदाज आपला मेंदू बांधतो. म्हणजे पाया हवा, तसे उपस्वरही हवेत. म्हणूनच जाणते लोक एकाच वादनाला दोन वाटा काढून देतात.

पहिली वाट तारेची. गिटारचा विद्युत्संदेश ‘डी. आय. बॉक्स’ नावाच्या लहानशा डबीतून सरळ ध्वनिमुद्रण यंत्रात जातो. अंगणातले फटाके, शेजारचे कुत्रे, पत्र्यावरचा पाऊस यांपैकी काहीही या वाटेने आत शिरत नाही. स्वर स्वच्छ आणि खोल येतो. पण आळणी वरणासारखा! दुसरी वाट हवेची. त्याच डबीच्या दुसऱ्या तोंडातून अँप्लिफायरला जोड द्यावी आणि त्याच्या कर्ण्यासमोर फूटभर अंतरावर मायक्रोफोन ठेवावा. ही त्या वरणाची फोडणी.

दोन्ही एकत्र करताना मात्र एक मेख आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. फूटभर अंतराला त्याला सेकंदाचा जवळजवळ हजारावा भाग लागतो. तेवढ्याने दुसरी लाट मागे पडते आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे; गाडी जागच्या जागी! उपाय सोपा आहे. आरंभी एकच ठसठशीत टणत्कार वाजवावा. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही लाटा दिसतील; मागची सरकवून पुढचीशी जुळवावी. मग एका लाटेची दिशा उलटवणारे बटण दाबून पाहावे. ज्या स्थितीत खर्ज भरदार लागेल, ती ठेवावी. मिश्रणात आधी सरळ वाटेचा आवाज पुरता घ्यावा आणि अँप्लिफायरचा हळूहळू वाढवावा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारही याच खालच्या पट्टीतला. त्याला जागा सोडावी, आणि आजोबांचा शब्द बुडू लागला की तेथेच थांबावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. बेसवर जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीचा स्वर ४९ चा. त्यामुळे विजेची गुणगुण नेमकी खर्जातच मिसळते. ती घालवण्यासाठी काही उत्साही मंडळी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. असे कदापि करू नये! गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि अर्थिंग नसले, तर वीज वादकाच्या हातातून वाट काढते. त्यात ओठ मायक्रोफोनला लागले, तर जीवावरच बेतते. डी. आय. बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे एक बटण असते. ते फक्त ध्वनिवाहिनीचे अर्थिंग तोडते, प्लगचे नाही. गुणगुण तेथे घालवावी. तेवढ्यानेही ती गेली नाही, तर खुशाल राहू द्यावी. भजनात थोडी गुणगुण चालेल. घरातला मुलगा मात्र सुखरूप हवा.